तीन थरांची पट्टी

हॉकीची स्टिक हातात आली की नाना आधी तिच्याकडे बघायचेच नाहीत. डोळे मिटायचे, तिचं वाकडं टोक कानाशी न्यायचे आणि मधल्या बोटाच्या पेराने दांड्यावर टकटक करायचे. दोनदाच. माठ घेताना बायका वाजवून बघतात, तसं. मग डोळे उघडून निकाल द्यायचे, "त्याले तीस लागनी."

म्हणजे त्याला तहान लागली आहे. त्याला म्हणजे लाकडाला. एकदा हा निकाल लागला की ती स्टिक दोन दिवस तुमची नव्हे. जवसाच्या तेलात बुडवलेला कापडाचा बोळा घेऊन नाना अंगठ्याने तेल जिरवत बसायचे. प्रॅक्टिसला उशीर होतोय म्हणून कोणी दारात उभं राहिलंच, तर मान वर न करता म्हणायचे, "पिऊ दे त्याले. तू पानी पितांना मी कधी घाई करी का?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणी स्कूटरला किक मारण्याआधी तिच्या टाकीवर हात फिरवतो, कोणी शिवणयंत्राशी बोलतो. आपण त्यांच्याकडे बघून हसतो आणि घरी जाऊन त्यांची नक्कल करतो. मीही नानांची नक्कल फार छान करत असे. अजूनही करतो. आमच्याकडे लग्नकार्यात जेवणं झाली की कोणीतरी म्हणतंच, "काका, ते हॉकीचं सांगा ना." मग मी लाटणं कानाला लावून टकटक करतो आणि पोरं लोळतात. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की माझ्या बायकोला ती पाठ आहे. पण ती मी जिथे थांबवतो, तिथे ती संपत नाही. आज पुढचं लिहून काढतो. तोंडाने सांगायला बसलो तर मी पुन्हा लोकांना हसवीन आणि निसटेन, हे मला माहीत आहे.

नानांचं नाव लिहीत नाही. माझंही लिहीत नाही, पण ते नानांसाठी नव्हे.

नव्वदीच्या मधल्या काळातलं हे सुरत. आम्ही खान्देशातले, शिंदखेड्याकडचे, राहायला नवागामला. एका खोलीत आई, धाकटी बहीण आणि मी. शहराबाहेरच्या सचिन या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे साड्या रंगवायच्या-छापायच्या मिलमध्ये, मी फोल्डिंग खात्यात बदली कामगार होतो. बदली म्हणजे गेटवर उभं राहायचं, कोणी आलं नसेल तर आपल्याला आत घेतात. कोणी आजारी पडावं अशी प्रार्थना रोज सकाळी करणारा माणूस देवाला कसा आवडणार? दोन वर्षं झाली तरी माझं कायम होण्याचं नाव नव्हतं.

अशात आमच्या मिलला हॉकीचं वेड लागलं. खरं म्हणजे ते एकट्या सिक्युरिटी ऑफिसरला होतं. ते फौजेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणत. हजीऱ्याच्या मोठमोठ्या कारखान्यांचे संघ दर हिवाळ्यात आपसात सामने खेळतात आणि आपली मिल कुठेच नाही, हे त्यांना सहन होईना. त्यांनी मालकांचं मन वळवलं, पंजाबातून पंधरा स्टिका मागवल्या आणि गेटवर फर्मान काढलं, की जो बदली कामगार संघात येईल त्याला रोज आत घेतलं जाईल. दुसऱ्या दिवशी चाळीस हॉकीपटू हजर. त्यांतल्या अडतीस जणांनी हॉकीची स्टिक जन्मात पाहिली नव्हती. उरलेल्या दोघांनी ती मारामारीत पाहिली होती.

मी त्या अडतिसांतला. गावाकडे विटीदांडू बरा खेळायचो, तेवढ्या भांडवलावर फॉरवर्डला उभा राहिलो.

नाना आमच्याच नवागामचे, दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर असतील. मिलमध्ये ते सोळा वर्षं स्टेंटरवर होते. ओलं कापड दोन्ही काठांनी चिमट्यात धरून गरम हवेच्या पेटीतून पळवत नेणारं ते लांबलचक मशीन. उन्हाळ्यात त्या खात्यातून नुसतं चालत गेलं तरी भुवया करपल्यासारख्या वाटायच्या. सोळा वर्षांत त्या हवेने नानांच्या छातीत घर केलं होतं. त्यांचा खोकला आमच्या गल्लीत ऐकू यायचा. त्यांची बायको, आमच्या नानी, आईला म्हणायच्या, "त्या खोकतंस नि मी मोजस."

एक दिवस सुभेदारसाहेबांना ते गेटवर एका चिरलेल्या स्टिकला दोरी गुंडाळताना दिसले. नाना मूळचे सुताराच्या घरातले, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवण्यात त्यांच्या वडलांचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणे. साहेबांनी ती स्टिक घेतली, वाकवून पाहिली, जमिनीवर आपटून पाहिली. आठवड्याभरात नानांची बदली गेटजवळच्या खोलीत झाली. काम दोनच. आगीच्या लाल बादल्यांत वाळू भरलेली ठेवायची आणि स्टिका सांभाळायच्या. खोलीला खिडकी होती, खिडकीबाहेर कडुनिंब होता. दोन महिन्यांत नानांचा खोकला जवळजवळ बसला. नानी आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "आते मी काय मोजू?" आणि पदराआड हसल्या.

त्या खोलीत नानांचा जो कारभार चालायचा, तो बघण्यासारखा होता. हॉकीच्या स्टिकचं खालचं वाकडं पातं सगळ्यात आधी झिजतं. मातीच्या मैदानावर घासून त्याच्या टोकाला कुसं निघतात, कुसांतून ओल शिरते आणि लाकूड आतून कुजतं. नाना प्रत्येक सामन्यानंतर पातं कोरड्या फडक्याने पुसायचे, उन्हात कधी ठेवायचे नाहीत. कुसं काचकागदाने काढायचे. मग पट्टी. त्यासाठी नानींचं जुनं सुती लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याचे काठ काढून बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या, त्या सरसात भिजवायच्या आणि पात्याच्या टोकापासून मानेकडे गुंडाळत यायचं. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्या वेढ्यावर. खालून वर. उलटं गुंडाळलं तर जमिनीला घासून काठ उचकटतात. नवीन पोराने विचारलं, की लुगडंच का, साडीच्या मिलमध्ये कापडाला काय तोटा? तर नाना त्याला आमच्या मिलच्या पॉलिएस्टरचा एक तुकडा आणि पाण्याचा पेला द्यायचे. "पाज त्याले पानी." पॉलिएस्टरवरून थेंब घरंगळून जायचा. "जे पानी नही पित ते सरस काय पिई?"

आणि थर तीनच. "तीन थर. बास." हे वाक्य आमच्या संघात इतकं चाललं, की कॅन्टीनमध्ये पोळ्या घेतानासुद्धा पोरं म्हणायची, तीन थर, बास.

त्याला कारण होतं. हॉकीत नियम आहे, की पट्टी-बिट्टीसकट अख्खी स्टिक दोन इंची कड्यातून पार गेली पाहिजे. पंच सामन्याआधी कडं घेऊन उभे राहतात. नानांनी पाईपचा तुकडा कानशीने घासून बरोबर दोन इंची केला होता. पट्टी वाळली की स्टिक त्यातून ओवायची. ती अडली नाही आणि डुगडुगलीही नाही, की नाना स्टिक ज्याची त्याच्या हाती देताना डावा हात उजव्या कोपराला लावायचे, प्रसाद देतात तसे.

तर हजीऱ्याच्या एका संघाशी आमचा सामना ठरला. त्यांच्या मैदानावर, त्यांच्या साहेबलोकांसमोर. त्याआधी आम्ही त्यांचा एक सामना बघायला गेलो होतो. त्यांच्या स्टिका बघून माझे डोळे दिपले. जाड, काळ्या, चकचकीत पात्यांच्या. चेंडूला टोला बसला की बंदुकीसारखा आवाज. माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की खरी जादू त्या जाडीत आहे.

मी नानांकडे गेलो. "नाना, माझ्या स्टिकला अजून दोन थर चढवा ना."

"तीन थर. बास."

"अहो, त्यांच्या बघा कशा आहेत."

"त्यासना दांडा येगळा, लाकूड येगळं. तुना मनगटमा काय शे ते पाय." तुझ्या मनगटात काय आहे ते बघ.

माझ्या मनगटात काहीच नव्हतं, हीच तर अडचण होती. सुभेदारसाहेबांनी कानात सांगून ठेवलं होतं, की या सामन्यात जो चमकेल त्याच्या कायम होण्याचा कागद ते स्वतः मालकांसमोर ठेवतील. मग सामन्याच्या आदल्या दिवशी, वीजकपातीची, म्हणजे पॉवर-ऑफची सुट्टी होती तेव्हा, मी घरी सराव करतो असं सांगून स्टिक घेऊन आलो. दुपारी आई आणि बहीण समोर बसून साड्यांना टिकल्या लावत होत्या आणि मी मध्ये मांडी घालून हे महान कार्य आरंभलं. आईच्या पिशवीतल्या पॉलिएस्टर साडीच्या पट्ट्या काढल्या. त्यांवर सरस लावला. तो घरंगळला. रोज आठ तास ज्या कापडात उभा असतो, ते पाणी पीत नाही हे मला पेला दाखवून शिकवलेलं होतं. मी आणखी सरस लावला. वरून वायरमनची काळी टेप गुंडाळली, तीही वरून खाली, कारण तशी गुंडाळायला सोपी जाते. स्टिक अगदी हजीऱ्याची दिसायला लागली.

"कड्यातून जाईल का रे?" बहिणीने विचारलं. तिलाही नियम माहीत होता. घरात मी दुसरं काही बोलतच नव्हतो.

नानांचं कडं माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, "तुझी बांगडी दे. किती नंबरची?"

"दोन-सहाची."

दोन म्हणजे दोन इंच, एवढं मला ठाऊक होतं. पुढचे सहा म्हणजे त्यावर आणखी इंचाचे सहा सोळांश, हे बायकांना माहीत असतं, मला नव्हतं. विचारलंही नाही. बांगडीतून स्टिक थोडी घासत, पण आरपार गेली. मी बहिणीकडे असं पाहिलं, जसा काही मीच पंच.

दुसऱ्या दिवशी मैदानावर साऱ्या स्टिका रांगेत ठेवल्या. नाना टेम्पोतून संघाबरोबर आले होते, धुतलेला सदरा घालून. पंच एकेक स्टिक कड्यातून ओवत होते. आमची पहिली गेली, दुसरी गेली, सहावी गेली. नाना प्रत्येक स्टिकला मान हलवत होते. सातवी माझी.

ती अडली.

पंचांनी जोर लावला. कडं पात्यावर रुतून बसलं. काढताना टेपचा एक पदर सुटून लोंबायला लागला आणि त्याखालून जांभळ्या फुलांची पॉलिएस्टरची पट्टी बाहेर आली. हजीऱ्याचे साहेबलोक खुर्च्यांवर बसले होते, त्यांच्यातला एक जण हसत म्हणाला, "सुभेदारसाब, साडी पहना के लाए हो?" दुसरा हसला नाही. तो म्हणाला, "ये तो बेईमानी है."

सुभेदारसाहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आयुष्यभर फौजेत काढलेल्या माणसाला परक्या मैदानावर, चार लोकांत बेईमान म्हटलं होतं. ते वळले ते थेट नानांकडे. दुसरीकडे वळायचं कारणच नव्हतं. पट्ट्या नाना बांधत, हे सगळ्यांना माहीत होतं.

"नाना, ये आपका काम है?"

नानांनी स्टिक हातात घेतली. या वेळी कानाला लावली नाही. पात्यावरून अंगठा फिरवला, खालून वर. काठ उलटा लागला. मी पाहिलं, त्यांचा अंगठा तिथे थांबला. मग त्यांनी मान वर केली आणि अकरा जणांतून सरळ माझ्याकडे पाहिलं.

रागाने नव्हे. ते नुसते थांबले. सावकाश बोलणाऱ्या माणसाचं बोलणं आपण थांबून ऐकतो, तसे.

आणि मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. नाडी बांधलेलीच होती. ती सोडली आणि पुन्हा बांधली. एका बुटाची झाल्यावर दुसऱ्या बुटाची. दोन बुटांच्या नाड्या बांधायला माणसाला किती वेळ लागतो? मला पुरेसा लागला. उभा राहिलो तोवर साहेबांनी नानांच्या हातातून स्टिक हिसकावली होती आणि ते म्हणत होते, "सोला साल की नौकरी का लिहाज है, नहीं तो यहीं से निकाल देता."

नाना काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे कबुली, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. सोयीचं होतं.

मला राखीव स्टिकांतली एक दिली. तिच्यावर नानांची पट्टी होती, तीन थर. आम्ही तो सामना सहा-एक असा हरलो, आणि तो एक गोल मी केला. लग्नकार्यात मी हाच गोल सांगतो. दर लग्नात तो चार पावलं लांबून होतो. आता तर मी तो जवळजवळ मधल्या रेषेवरून मारतो, जो नियमात बसतच नाही, पण आमच्या नातेवाइकांत हॉकी कोणाला कळते? खरं असं, की चेंडू माझ्या दिशेने आला, मी डोळे मिटले आणि स्टिक पुढे केली. ती चेंडूला अशी लागली, की हाताला झिणझिणीसुद्धा आली नाही. चेंडू गोलकीपरच्या पायातून आत गेला. सुभेदारसाहेबांनी मला उचलून घेतलं. त्यांच्या खांद्यावरून मला नाना दिसले. टेम्पोच्या मागच्या फळीवर पाठमोरे बसले होते.

गोष्ट मी इथे थांबवतो. साहेबांच्या खांद्यावर, हात वर करून.

सोमवारी नाना पुन्हा स्टेंटरवर गेले. गेटजवळच्या खोलीला कुलूप लागलं आणि साहेबांनी बाजारातून तयार टेपची रिळं आणली. आठवड्याभरात गल्लीतून खोकला ऐकू यायला लागला. पहिल्या दिवशी आईने भाकरी थापता थापता हात थांबवला. "नानाच ना ते?" मी म्हटलं, "हवा बदललीये." बहीण माझ्याकडे बघत होती. तिने हातातली बांगडी काढून डब्यात ठेवली. नंतर तिच्या हातात ती मला दिसली नाही.

सांगायचं मी रोज ठरवत होतो. एकच वाक्य होतं, साहेब, पट्टी मी बांधली होती. मिलला जाताना टेम्पोत ते मनाशी हिंदीत घोळवायचो, मग शुद्ध हिंदीत. आधी म्हटलं, कायमचा कागद हातात येऊ दे. नाहीतर आई आणि बहिणीच्या तोंडचा घास जाईल. हे कारण अगदीच खोटं नव्हतं. त्यामुळेच ते इतके दिवस पुरलं.

दीड महिन्याने कागद आला. मी पेढे घेऊन नानांकडे गेलो. नानींनी पाट दिला. नानांनी पेढा हातात घेतला, खोकला थांबेस्तोवर तसाच धरून ठेवला, मग खाल्ला.

"कागद भेटना?"

"भेटना."

"पक्का?"

"पक्का. सहीशिक्क्याचा."

नाना पाणी प्यायले. नानी चुलीकडे गेल्या होत्या. मग त्यांनी माझ्याकडे अगदी मैदानावर पाहिलं होतं तसंच पाहिलं आणि विचारलं, "मंग आते?"

आता काय. कागद पक्का झाला, आता भीती उरली नाही, आता काय करशील. एवढं स्वच्छ कोणी कधी मला विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "आता काय, लग्न."

नाना हसले. खरोखर हसले. म्हणाले, "ते बी कर."

त्या 'बी'वर मी घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी सुभेदारसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आठवड्याची दाढी केली होती, शर्ट खोचला होता. साहेब उठून उभे राहिले, "आओ हीरो." त्यांच्या टेबलावर काचेखाली त्या सामन्याचा फोटो होता. मी म्हटलं, "साहब, एक बात बोलनी थी." ते म्हणाले, "बोलो, बोलो." मी दोन दिवसांची रजा मागितली. मिळालीही. ते दोन दिवस मी घरी झोपून काढले.

यानंतर मी रस्ता बदलला. स्टेंटर खात्यातून न जाता मागच्या गोदामाकडून फोल्डिंगला जायचो. लांब पडायचं. शिफ्ट सुटताना नाना पुढे दिसले, तर मी नळावर हात धूत थांबायचो. त्या वर्षभरात माझ्याएवढे स्वच्छ हात मिलमध्ये कोणाचे नसतील.

तीन वर्षं गेली. मी सुपरवायझर झालो. बोलायला बरा, दोन जोक मारू शकणारा, म्हणून गणपती असो की कोणाची निवृत्ती, माईक माझ्या हातात यायचा. नानांच्याने काम होईना. त्यांनी राजीनामा दिला आणि गावी जायचं ठरवलं. एवढी वर्षं झालेला माणूस म्हणून कॅन्टीनमध्ये निरोपाचा छोटा कार्यक्रम ठेवला. पुढच्या रांगेत गुजराती मॅनेजर, शेजारी सुभेदारसाहेब. मागे आमची खान्देशी मंडळी, काही उडिया, काही यूपीचे. नाना बाकावर गळ्यात हार घालून बसलेले, बारीक झालेले. सूत्रसंचालन अर्थातच माझं.

मी फार सुंदर बोललो. नानांचे हात, नानांचा सोशिकपणा, त्यांच्याकडून आम्ही काय काय शिकलो. हिंदीत, मध्येच गुजरातीत. स्टिक कानाला लावायची नक्कलसुद्धा केली. लोक हसले, एकदोघांनी डोळे पुसले. नाना माझ्याकडे बघत ऐकत होते. मला वाटतं, त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की हे पोरगं त्याच वाक्याकडे चाललं आहे, फक्त लांबच्या रस्त्याने.

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. मी म्हटलं, "अब नाना दो शब्द बोलेंगे," आणि माईक त्यांच्या तोंडाशी धरला.

नाना उभे राहिले. दम लागला म्हणून थोडे थांबले. सुभेदारसाहेबांकडे पाहून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"मनी पट्टी बराबर व्हती. कडामा अडकनी ती मनी नव्हती."

बस्स, एवढंच. ते खाली बसले.

माझी पट्टी बरोबर होती. कड्यात अडकली ती माझी नव्हती. मागे बसलेल्या खान्देशी लोकांना शब्द न् शब्द कळला. त्यांच्यात तिघे त्या संघातले होते. त्यांनी माना खाली घातल्या. मी त्यांचा सुपरवायझर होतो.

साहेबांना अहिराणी कळत नव्हती. ते कपाळाला आठी घालून पुढे झुकले. मॅनेजरने मला विचारलं, "शुं कीधुं एमणे?" काय म्हणाले ते?

माईक माझ्या हातात होता. सुरू होता. वाक्य तयार होतं, मला फक्त त्याची हिंदी करायची होती. तीन वर्षं जे एक वाक्य मी टेम्पोत घोळवलं, ते नानांनी स्वतः बोलून माझ्या हातात आणून दिलं होतं.

मी म्हणालो, "नाना कह रहे हैं कि आप सबने बहुत प्यार दिया. वो सबका आभार मानते हैं."

जोरात टाळ्या पडल्या. सुभेदारसाहेबांनी उभं राहून वाजवल्या. आभार हा शब्द नानांना कळत होता. टाळ्या थांबेपर्यंत ते मांडीवर हात ठेवून बसून राहिले. मग बाकावर थोडे सरकले, शेजारी एका माणसापुरती जागा केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बठ."

बस, एवढंच. तू दमला असशील, बस.

मी बसलो नाही. माईक तोंडाजवळ घेतला आणि सांगितलं, की खमण आणि चहा तयार आहे, घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये.